पावतीपुस्तक आणि पाटी

"विद्यापीठाला पैसे कशाला मागता हो? सरकार देतं ना?"

हा प्रश्न मी गेल्या काही वर्षांत इतक्यांदा ऐकलाय की विचारणाऱ्याचं तोंड उघडायच्या आत उत्तर तयार असतं. सरकार पगार देतं. (तेही सगळ्यांचे नाही, पण असो.) पण बंद पडलेलं यंत्र, वसतिगृहाचं गळकं छप्पर, गावाकडून आलेल्या मुलीची मेसची फी, हे सगळं त्या अनुदानात बसत नाही. ते बसवायचं काम आमचं. एका सरकारी विद्यापीठात निधी गोळा करणाऱ्या चौघांच्या टीमची मी प्रमुख आहे. नातेवाईकांपैकी निम्म्यांना अजूनही वाटतं की मी 'विद्यापीठात शिकवते', आणि उरलेल्या निम्म्यांना वाटतं की मी वर्गणी मागत फिरते. दुसरा गट सत्याच्या जास्त जवळ आहे!

पण आज माझ्याबद्दल नाही लिहायचं. लिहायचंय ते हे काम आपल्याकडे ज्यांनी बहुतेक सगळ्यात आधी आणि सगळ्यात चिवटपणे केलं त्यांच्याबद्दल, म्हणजे धोंडो केशव कर्वे आणि त्यांच्या माणसांबद्दल. 'त्यांच्या माणसांबद्दल' हे मुद्दाम लिहितेय, कारण महर्षी कर्वे म्हटलं की एक पांढऱ्या दाढीचे, शांत, एकटे गृहस्थ डोळ्यांसमोर येतात. ते एकटे नव्हते. त्यांच्याकडे टीम होती, आणि त्या टीमचा इतिहास आपण फारसा सांगत नाही.

आम्ही बदलापूर गावात राहतो. स्टेशनजवळच्या नव्या इमारतींमध्ये नव्हे, जुन्या गावात. पुण्याहून मुंबईला जाणारी गाडी कर्जत, नेरळ करत बदलापूरवरूनच कल्याणला जाते. तेव्हा अण्णा कर्वे आयुष्यात किती वेळा आपल्या इथून गेले असतील याचा हिशेब लागणार नाही. अंगावर साधे कपडे, पिशवीत पावतीपुस्तक आणि मुंबईतल्या कुणा शेठजींची भेट ठरलेली, असे ते मला खिडकीशी बसलेले दिसतात. हे माझं कल्पनाचित्र, पण गाडीचा रस्ता मात्र खरा.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, कोकणातल्या शेरवलीचा, वाढले मुरुडला. पैसे गोळा करण्याची पहिली उमेदवारी त्यांनी विद्यापीठासाठी नाही, गावासाठी केली. मुंबईत शिकत-शिकवत असताना त्यांनी 'मुरुड फंड' काढला. मुंबईत नोकरीला असलेल्या मुरुडकरांनी आपल्या कमाईचा थोडा हिस्सा गावासाठी काढून ठेवायचा, अशी साधी कल्पना. आज अमेरिकेतली मुलं आपल्या कॉलेजला पैसे पाठवतात त्याचंच हे घरगुती रूप.

पुढे काय झालं ते बघा. १८९३ मध्ये अण्णांनी गोदूबाई या विधवा मुलीशी लग्न केलं (याच पुढे 'बाया कर्वे'), आणि ज्या गावासाठी फंड काढला त्याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. माणूस इथे कडवट होऊन गप्प बसला असता तर कुणी दोष दिला नसता. अण्णांनी तीनच वर्षांत, १८९६ मध्ये, अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली आणि पुन्हा त्याच समाजाच्या दारात जाऊन उभे राहिले. पहिली मोठी रक्कम मात्र स्वतःची घातली: फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून साठवलेले एक हजार रुपये. १९०० मध्ये आश्रम हिंगण्याला गेला. तिथली जमीन आणि पहिल्या झोपडीपुरते पैसे रावबहादूर गोखल्यांनी दिले होते. दिवसभर कॉलेजात शिकवायचं आणि संध्याकाळी सामान घेऊन हिंगण्यापर्यंत चालत जायचं, असा क्रम बरीच वर्षं चालला.

निधीच्या कामात एक नियम मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगते: आधी स्वतःच्या खिशात हात घाला. रक्कम कितीही असो. स्वतः न दिलेला माणूस मागतो तेव्हा त्याच्या आवाजात काहीतरी कमी असतं, आणि देणाऱ्याला ते लगेच कळतं. हा नियम मी कुठल्या व्यवस्थापनाच्या पुस्तकात वाचला नाही. तो त्या एक हजारातून घेतलाय.

आता टीमकडे येते. यातलं पहिलं नाव पार्वतीबाई आठवले. बायांची धाकटी बहीण. जन्म देवरुखचा, १८७० चा. विशीतच विधवा झाल्या, पदरात एक मुलगा. त्या काळच्या रीतीप्रमाणे केशवपन झालेलं. अशी बाई अण्णांच्या आश्रमात आली, शिकली, आश्रमाची व्यवस्था पाहू लागली, आणि मग आश्रमासाठी गावोगाव फिरून भाषणं देऊन पैसे गोळा करू लागली. जिचं समोर येणंही अशुभ मानत, ती बाई सभेत उभी राहून म्हणायची की माझ्यासारख्यांना शिकवा, आणि त्यासाठी पैसे द्या! आज मी टीममधल्या मुलीला एखाद्या कंपनीत पाठवते तेव्हा तिला भीती असते ती फार तर 'नाही' ऐकण्याची. पार्वतीबाईंना आधी सभेत बसलेल्यांनी आपल्याकडे नुसतं बघावं, इथपासून सुरुवात करावी लागत होती.

१९१८ मध्ये याच पार्वतीबाई इंग्रजी शिकायला आणि बायकांच्या शिक्षणाचं काम पाहायला अमेरिकेला गेल्या. वय अठ्ठेचाळीस, जवळ पैसा बेताचा. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून त्यांनी दिवस काढले. त्यांचं 'माझी कहाणी' हे आत्मचरित्र १९२८ चं. मिळालं तर जरूर वाचा. त्यात कुठे आपल्या धाडसाचा डांगोरा नाही.

दुसरं नाव खुद्द बायांचं, आणि इथे गोष्ट जरा अवघड होते. आश्रमाला देणगी देणारे बरेच लोक विधवांच्या शिक्षणाला तयार होते, पुनर्विवाहाला नव्हते. म्हणून अण्णांनी ती दोन कामं काटेकोरपणे वेगळी ठेवली. आश्रम म्हणजे शिक्षण; लग्नाचा तिथे विषय नाही. सुरुवातीला तिथे प्रवेश होता तोही ब्राह्मण विधवांनाच. या धोरणाची झळ लागली ती बायांना. त्या स्वतः पुनर्विवाहित, त्यामुळे नवऱ्याने उभ्या केलेल्या आश्रमात त्यांनाच मोकळेपणाने वावरणं कठीण. पैसे संस्थेकडे जात आणि घर चालवायची ओढाताण बायांकडे. त्या नागपूरला जाऊन सुईणपणाचं शिक्षण घेऊन आल्या. त्यांचं 'माझे पुराण' हे आत्मचरित्र वाचताना कळतं की देणगीदाराची मर्जी सांभाळण्याची किंमत कुणीतरी घरात मोजत असतं.

हे मी अण्णांना दोष द्यायला लिहीत नाही. ती तडजोड केली नसती तर आश्रम दोन वर्षंही टिकला नसता, असं म्हणता येईल. पण 'देणाऱ्यासाठी आपण काय बाजूला ठेवायचं' हा प्रश्न निधी मागणाऱ्या प्रत्येकासमोर येतो, आणि बाजूला ठेवलेली गोष्ट म्हणजे बहुतेक वेळा एखादं माणूस असतं. हे प्रमुखाच्या लक्षात राहिलं पाहिजे, इतकंच.

१९०८ मध्ये अण्णांनी 'निष्काम कर्ममठ' काढला. निव्वळ निर्वाहापुरतं घेऊन आयुष्य संस्थेला देणाऱ्या माणसांचा हा गट. 'रागिणी' लिहिणारे वामन मल्हार जोशी पुढे हिंगण्यालाच शिकवायला आले. मला यातलं शहाणपण फार आवडतं. प्रत्येक पैसा एकाच माणसाच्या शब्दावर येत असेल तर तो माणूस आजारी पडला की संस्था आजारी पडते. अण्णांनी वेळेतच अशी व्यवस्था केली की मागणारे अनेक असतील आणि खर्च करणारेही अनेक असतील.

मग आलं १९१५. मुंबईत भरणाऱ्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद अण्णांकडे आलं. बनारसच्या बाबू शिवप्रसाद गुप्तांनी त्यांना टोकियोच्या महिला विद्यापीठाची एक माहितीपुस्तिका पाठवली होती. आधी ती बाजूलाच पडली होती. भाषणाची तयारी करताना त्यांनी ती नीट वाचली आणि डोक्यात घेतलं: मुलींसाठी वेगळं विद्यापीठ, शिक्षण मातृभाषेतून. १९१६ मध्ये ते सुरू झालंसुद्धा. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती, रँग्लर र. पु. परांजपे कुलगुरू. नावं मोठी होती. विद्यार्थिनी किती? पाच!

त्याच वर्षी, १९१६ च्या फेब्रुवारीत, बनारस हिंदू विद्यापीठाची पायाभरणी झाली. मदनमोहन मालवीयांनी एक कोटीचं लक्ष्य ठेवून राजेरजवाड्यांच्या दारात झोळी फिरवली, आणि सरकारने त्या विद्यापीठासाठी कायदा केला. अण्णांच्या पाठीशी ना राजे होते ना कायदा. त्यांच्या 'गृहीतागमा' या पदवीला सरकारमान्यता नव्हती, म्हणजे नोकरीच्या बाजारात तिला भाव नव्हता. अशा पदवीसाठी कोण पैसे देणार? अण्णांनी उत्तर काढलं ते गणिताच्या मास्तरासारखं: थोडे थोडे देणारे पुष्कळ लोक. दरवर्षी वर्गणी देणाऱ्यांचा मतदारसंघ केला आणि विद्यापीठाच्या सिनेटवर त्यांचे प्रतिनिधी बसवले. म्हणजे थोडीशी वर्गणी देणारा शाळामास्तर नुसता दाता राहत नव्हता, विद्यापीठाच्या कारभारात त्याचं मत होतं. ही गोष्ट मला अजूनही चकित करते.

चार वर्षांनी, १९२० मध्ये, मोठी देणगी आली. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी जपानला जाऊन तिथलं महिला विद्यापीठ बघून आले होते. त्यांनी अण्णांच्या विद्यापीठाला १५ लाख रुपये देऊ केले. साडेतीन टक्क्यांनी वर्षाला ५२,५०० रुपये व्याज. आईच्या नावावरून विद्यापीठाचं नाव झालं: श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी भारतवर्षीय महिला विद्यापीठ. १९३६ मध्ये विद्यापीठाची कचेरी पुण्याहून मुंबईला गेली.

मुंबईला ही रीत नवी नव्हती. १८६० च्या दशकात, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा प्रेमचंद रायचंदांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख दिले. मनोऱ्याला नाव आईचं, राजाबाईचं. १८७८ मध्ये तो पुरा झाला. राजाबाई आणि नाथीबाई, दोन व्यापाऱ्यांच्या दोन आया. ज्या पिढीत बायकांना अक्षरओळख दुर्मीळ होती, त्या पिढीतल्या दोन बायकांची नावं मुंबईच्या दोन विद्यापीठांशी कायमची जोडली गेली. यात काव्य आहे हे मी नाकारत नाही.

पण प्रश्न राहतोच. वीस-पंचवीस वर्षं आण्या-रुपयांनी भरलेल्या पावत्यांवर जे उभं राहिलं, त्याच्या पाटीवर एकाच घराचं नाव यावं का? माझ्या टीममधल्या एका मुलाने हे मला थेट विचारलं होतं. त्या आठवड्यात एका दात्याने आमच्याकडे अट घातली होती की इमारतीचं जुनं नाव काढून त्यांचं लावा. मुलगा चिडला होता. त्याला मी अण्णांची गोष्ट सांगितली, आणि सांगता सांगता मलाच दोन गोष्टी कळल्या.

पहिली ही, की ते १५ लाख आभाळातून पडले नव्हते. विठ्ठलदासांनी पैसे ठेवले ते १८९६ पासून चालत आलेल्या, टिकलेल्या, हिशेबाला चोख अशा कामावर. छोट्या पावत्या नसत्या तर मोठा चेक आला नसता. आमच्या धंद्यात अजूनही हेच चालतं. २०१३ च्या कंपनी कायद्यामुळे ठराविक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यासाठी खर्च करावे लागतात, आणि मार्च जवळ आला की आमचे फोन वाजू लागतात. पण त्या साहेबांचा पहिला प्रश्न काय असतो सांगू? "तुमचे स्वतःचे माजी विद्यार्थी किती देतात?" आकडा रकमेचा नको असतो, माणसांचा हवा असतो.

दुसरी गोष्ट अण्णांच्या पुढच्या वागण्यातली. १५ लाखांनंतर माणूस थांबला असता. मार्च १९२९ मध्ये, एकाहत्तरावं वर्ष चालू असताना, अण्णा जगाच्या प्रवासाला निघाले. लंडनला बोलले, जिनिव्हाच्या शिक्षण परिषदेत बोलले, बर्लिनमध्ये आइन्स्टाइनना भेटले, अमेरिकेत फिरले, आणि ज्या टोकियोच्या पुस्तिकेपासून सगळं सुरू झालं ते टोकियोही बघून एप्रिल १९३० मध्ये परतले. वर्ष संपायच्या आत, डिसेंबरमध्ये, आफ्रिकेला निघाले: मोंबासा, युगांडा, टांगानिका, झांझिबार, दक्षिण आफ्रिका, एकूण १५ महिने. तिथल्या हिंदी दुकानदारांना आणि नोकरदारांना भेटून विद्यापीठाची माहिती सांगायची, पैसे जमवायचे. मोठा दाता मिळाल्यावरही लहान दात्यांकडे जाणं त्यांनी सोडलं नाही. विद्यापीठ एकाच घराच्या व्याजावर चाललं तर ते त्या घराचं होतं, हे त्यांना नक्की उमगलं असावं.

विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळाली ती स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये. म्हणजे आज जे सरकारी विद्यापीठ आहे ते पहिली पस्तीस वर्षं लोकांच्या पैशावर चाललं. "सरकार देतं ना?" म्हणणाऱ्यांना मी हल्ली हे सांगते. आपल्याकडे कित्येकदा सरकार मागाहून आलेलं आहे. आणि मान्यतेनंतरच्या पहिल्या कुलगुरू कोण, तर विठ्ठलदासांच्या पत्नी, लेडी प्रेमलीला ठाकरसी. नवऱ्याने पैसा दिला, बायकोने वर्षानुवर्षं काम दिलं. तेव्हा पाटीवरच्या घराण्याबद्दलही जरा बेतानेच बोलावं.

आणि पाटीचं म्हणाल तर काळ तिचं काय करतो ते आपल्याकडच्या कुठल्याही लोकलमध्ये ऐकायला मिळतं. बदलापूर-अंबरनाथची किती मुलं उल्हासनगरला 'सीएचएम'ला गेली. श्रीमती चांदीबाई हिम्मतमल मनसुखानी हे पूरं नाव त्यातल्या कितींना सांगता येईल? तसंच 'एसएनडीटी'. माझ्या मावशीने लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी, पोळ्या लाटता लाटता अभ्यास करून, घरून परीक्षा देत एसएनडीटीची बी.ए. केली. तिला विचारलं, 'एन' म्हणजे काय गं? म्हणाली, "नॅशनल असेल." पदवी मात्र तिने काचेच्या फ्रेममध्ये लावलीय. लाखो रुपये देऊन लावलेलं नाव शंभर वर्षांत चार अक्षरांचं होतं. मावशीची बी.ए. मात्र पुरी राहते. चिडलेल्या मुलाला मी हे सांगितलं तेव्हा तो हसला, आणि दात्याला पत्र लिहायला बसला. जुनं नाव ठेवून नव्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव देऊ, असं आम्ही कळवलं. त्यांनी ते मानलं की नाही ते पुढे कधीतरी.

टीमच्या प्रमुखाने करायचं काय, यावर आता पुष्कळ पुस्तकं निघालीत. मला अण्णांच्या चरित्रातून चारच गोष्टी दिसतात. आधी स्वतः द्यायचं. मागणारे आपल्यासारखे अनेक तयार करायचे, आणि त्यांना स्वतःच्या नावाने उभं राहू द्यायचं. एका आण्याचाही हिशेब छापायचा. आणि तडजोडीची किंमत कोण मोजतंय ते डोळे उघडे ठेवून बघायचं. चौथी गोष्ट अण्णांनाही पुरती साधली नाही असं बायांचं पुस्तक वाचून वाटतं. आपल्याला साधेल अशी खात्री मला तरी नाही.

१९३६ मध्ये, विद्यापीठ मुंबईला गेलं त्याच वर्षी, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या अण्णांनी नवी मंडळी काढली: महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ. जिथे शाळाच नाही अशा खेड्यांत शाळा काढायच्या. त्यासाठी आपल्या पेन्शनीतला हिस्सा आधी घातला, आणि पुन्हा पुण्याच्या रस्त्यांवर घरोघर वर्गणी मागायला निघाले. लाखांची देणगी मिळवून दाखवलेला माणूस आता आणे मागत होता, तोही खेड्यातल्या मुलांच्या बाराखडीसाठी. या मंडळाला कुणा शेठजींचं नाव नव्हतं.

१९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळालं. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते गेले. पार्वतीबाई आठवल्यांच्या नावाचं काही आमच्या भागात आहे का, म्हणून मी शोधलं. सापडलं नाही. सोमवारच्या आमच्या बैठकीत मी आता त्यांचं नाव घेते, नवीन मुलगी टीममध्ये आली की पहिल्याच दिवशी.